इंग्रजीतील भ्रमजनक शब्दयुग्मे व मराठी विद्यार्थी : करवीर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

१. विषयप्रवेश

इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून होणाऱ्या चुकांमध्ये एका विशिष्ट प्रकाराला फार जुनी परंपरा आहे. उच्चाराने, लेखनाने अथवा अर्थाने एकमेकांशी जवळीक असलेल्या दोन शब्दांपैकी एकाच्या जागी दुसरा योजणे, हा तो प्रकार होय. शालेय मार्गदर्शकांत अशा शब्दयुग्मांच्या लांबच लांब याद्या दिलेल्या असतात. विद्यार्थी त्या पाठ करतो, परीक्षेत उतरवतो आणि पुढे पत्र लिहिताना वा मुलाखतीस सामोरे जाताना पुन्हा तीच चूक करतो. या चुकांना सामान्यतः निष्काळजीपणा अथवा मंदबुद्धी ही कारणे दिली जातात. प्रस्तुत निबंधात याहून वेगळे प्रतिपादन करावयाचे आहे. ही शब्दयुग्मे केवळ इंग्रजी भाषेचे गुणधर्म नसून ती दोन भाषांच्या संपर्कातून निर्माण होतात. त्यांपैकी प्रत्येकीला स्वतःचा इतिहास आहे. काही भ्रम कालांतराने नाहीसे झाले आहेत तर काही टिकून राहिले आहेत. आणि हा इतिहास ध्यानात घेतल्याखेरीज त्यांचे अध्यापन फलदायी होणे कठीण आहे.

विवेचनासाठी कोल्हापूर आणि विशेषतः कसबा बावडा हा परिसर निवडण्यास कारण आहे. शहराच्या उत्तरेकडे पंचगंगेच्या काठी वसलेल्या या गावाच्या नावातच एक शब्दयुग्म दडलेले आहे. कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या माथ्यावर, पंत अमात्यांच्या जहागिरीचे गगनबावडा आहे. दोन्ही गावे ‘बावडा’च, म्हणून एकाला गगनगडाचे तर दुसऱ्याला ‘कसबा’ या अरबी शब्दाचे विशेषण लावून लोकांनी भ्रम टाळला. समान रूपांत भेद करण्याची गरज पडली की भाषा स्वतःच उपाय शोधते, याचे हे घरगुती उदाहरण होय. याच कसबा बावड्यात ‘लाईन बाजार’ नावाची वस्ती आहे. इंग्रजांच्या लष्करी परिभाषेत शिपायांच्या निवासांच्या रांगांना ‘लाइन्स’ म्हणत. त्या वस्तीलगतच्या बाजाराला तेच नाव मिळाले. इंग्रजी शब्द येथे पुस्तकातून नव्हे, तर छावणीतून आला. पुस्तकातून आलेली इंग्रजी आणि बाजारातून आलेली इंग्रजी यांतील अंतर हा या विषयाचा एक महत्त्वाचा धागा आहे.

२. करवीर संस्थानात इंग्रजीचा प्रवेश

१८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर करवीर संस्थानाच्या कारभारावर इंग्रजांचे प्रत्यक्ष नियंत्रण आले. त्यानंतरच्या दशकात कोल्हापुरात इंग्रजी शाळा चालू होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे आरंभीचे इंग्रजी शिक्षण याच शाळेत झाले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. तीत रानडे उत्तीर्ण झाले. तेव्हापासून इंग्रजी हा केवळ ज्ञानाचा विषय न राहता नोकरीचे आणि प्रतिष्ठेचे प्रवेशद्वार बनला. १८८० मध्ये राजाराम कॉलेज सुरू झाले. गोपाळ कृष्ण गोखले हे राजाराम हायस्कुलाचे व पुढे काही काळ याच कॉलेजाचे विद्यार्थी. इंग्रजी उतारेच्या उतारे मुखोद्गत करण्याची त्यांची सवय चरित्रकारांनी नोंदवली आहे. पाठांतराची ही पद्धत एका पिढीची होती, व तीत मर्म होते: शब्द एकटा न घेता वाक्यासह घेतला की त्याची जोडीदाराशी गल्लत होण्याचा संभव कमी होतो.

राजघराण्यातही इंग्रजीचा अभ्यास चालला होता. १८७० मध्ये छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासास गेले व त्याच वर्षी ३० नोव्हेंबर रोजी फ्लॉरेन्स येथे, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, निवर्तले. या प्रवासाची त्यांची इंग्रजी दैनंदिनी कॅप्टन वेस्ट यांनी संपादित करून १८७२ मध्ये प्रसिद्ध केली. कोल्हापुरातील एका तरुणाने इंग्रजीत केलेल्या दैनंदिन लेखनाचा इतका आरंभीचा छापील पुरावा म्हणून तिचे मोल भाषाभ्यासकाला इतिहासकाराइतकेच वाटावे. पुढे २६ जून १८७४ रोजी कसबा बावड्यातील लक्ष्मीविलास राजवाड्यात शाहू महाराजांचा जन्म झाला. १८८४ मध्ये ते दत्तक आले. राजकोट येथे व नंतर धारवाड येथे फ्रेझर यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले.

येथवर इंग्रजी शिकणारा वर्ग लहान होता. हे चित्र पालटले ते शाहू महाराजांच्या शैक्षणिक धोरणाने. १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी विद्यार्थी वसतिगृहे उभी राहिली. १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानाच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्याची आज्ञा निघाली. १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय झाला. ज्यांच्या घरी ग्रांथिक मराठीचाही सराव नव्हता अशी शेतकरी व कारागीर कुटुंबांतील मुले आता इंग्रजीच्या वर्गापर्यंत पोहोचू लागली. त्यांना दोन परक्या गोष्टी एकदम शिकावयाच्या होत्या. घरी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला आधी ‘न’ आणि ‘ण’ यांचा भेद करून ‘मन’ व ‘मण’ वेगळे ठेवावे लागत, आणि लगेच पुढच्या तासाला इंग्रजीतील तसलेच भेद सांभाळावे लागत. एका चुकीबद्दल दोन ठिकाणी गुण गमावण्याचा हा प्रसंग होता. भ्रमजनक शब्दयुग्मांचा प्रश्न केवळ भाषाशास्त्रीय नसून सामाजिकही आहे तो या कारणाने.

३. कोश व पाठमाला : दिशेचा प्रश्न

इंग्रजी व मराठी शेजारी शेजारी मांडण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाले. १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश जॉर्ज व थॉमस कँडी या बंधूंच्या साहाय्याने प्रसिद्ध झाला. १८४७ मध्ये इंग्रजी–मराठी कोश निघाला. १८५७ मध्ये पहिल्या कोशाची दुसरी आवृत्ती आली. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले, त्यात मराठी व इंग्रजी मजकूर समोरासमोर छापला जाई. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले.

या कोशांविषयी एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. मराठी–इंग्रजी कोश मुख्यतः मराठी शिकणाऱ्या इंग्रजाच्या सोयीसाठी रचला गेला. त्याला पडणारे भ्रम मराठी विद्यार्थ्याच्या भ्रमांच्या बरोबर उलट होते. त्याच्या कानाला ‘वेल’ आणि ‘वेळ’, ‘नल’ आणि ‘नळ’, ‘पत’ आणि ‘पट’ हे एकच वाटत. इंग्रजीत ‘वुई’ हे एकच सर्वनाम असल्याने ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद त्याला चकवी. ऐकणाऱ्याला वगळावे की सामावून घ्यावे, हा प्रश्न त्याच्या भाषेने त्याला कधी विचारलाच नव्हता. शिजण्यापूर्वीचा तांदूळ आणि शिजलेला भात यांना त्याच्यापाशी एकच नाव होते. काका आणि मामा हेही त्याला एकच. म्हणजे शब्दयुग्म भ्रमजनक आहे की नाही हे त्या शब्दांवर नव्हे, तर शिकणारा कोठून निघाला आहे यावर ठरते.

मराठी माणसाला इंग्रजी शिकविण्यासाठी जी पुस्तके पुढे निघाली त्यांत तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’ला अग्रस्थान दिले पाहिजे. हे तर्खडकर म्हणजे व्याकरणकार दादोबा नव्हेत. नामसाम्यामुळे ही गल्लतही वारंवार होते. प्रत्येक पाठात थोडे नियम, काही शब्द, आणि नंतर दोन्ही दिशांनी भाषांतरासाठी वाक्ये, अशी पाठमालेची रचना आहे. शिक्षक नसलेल्या गावात पाठमालेच्या आधाराने कित्येकांनी इंग्रजी आत्मसात केली. तिचे हे ऋण मान्य करूनही भाषांतरपद्धतीतील एक धोका नमूद केला पाहिजे. शब्दांची यादी पाठ करताना विद्यार्थ्याच्या मनात एका मराठी शब्दासमोर एक इंग्रजी शब्द अशी जोडी बसते, आणि मराठी शब्दाचे क्षेत्र जेथे मोठे असेल तेथे भ्रमाचे बीज पेरले जाते.

४. अर्थक्षेत्रातून उत्पन्न होणारी युग्मे

मराठीत ‘हात’ हा खांद्यापासून बोटांपर्यंत असतो. इंग्रजीत त्याचे ‘आर्म’ आणि ‘हँड’ असे दोन भाग पडतात. ‘पाय’ या शब्दाची ‘लेग’ व ‘फुट’ अशी वाटणी होते. मराठीत बोट हाताचे असो वा पायाचे, ते बोटच. इंग्रजीत पायाच्या बोटाला स्वतंत्र नाव आहे. ‘घर’ या शब्दाला इमारत आणि कुटुंबाचा निवास हे दोन्ही अर्थ असल्याने ‘हाउस’ व ‘होम’ यांत घोटाळा होतो. ‘उसने’ हा शब्द देणे आणि घेणे या दोन्ही क्रियापदांबरोबर चालतो, म्हणून ‘लेंड’ व ‘बॉरो’ यांची अदलाबदल होते.

शब्दयोगी अव्ययांच्या बाबतीत हा भ्रम अधिक सूक्ष्म आहे. ‘पाच वाजेपर्यंत थांब’ आणि ‘पाच वाजेपर्यंत ये’ या दोन वाक्यांत ‘पर्यंत’ एकच आहे. परंतु पहिल्यात क्रिया त्या क्षणापर्यंत चालू राहावयाची आहे, तर दुसऱ्यात ती त्या क्षणाच्या आत एकदा घडावयाची आहे. इंग्रजीला पहिल्या ठिकाणी ‘अन्टिल’ व दुसऱ्या ठिकाणी ‘बाय’ लागतो. तसेच ‘सोमवारपासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’ यांत मराठी एकाच प्रत्ययाने काम भागवते; इंग्रजी मात्र आरंभबिंदूसाठी ‘सिन्स’ व कालावधीसाठी ‘फॉर’ वापरते. ‘लवकर’ या एका शब्दात ठरल्या वेळेपूर्वी, थोड्याच वेळात आणि वेगाने असे तीन अर्थ एकत्र नांदतात, व इंग्रजीत त्यांना तीन शब्द आहेत. अशा ठिकाणी विद्यार्थ्याला इंग्रजी शब्दांची व्याख्या सांगून फारसे साधत नाही. त्याच्याच भाषेतील दोन वाक्ये समोर ठेवून त्यांतील भेद त्याच्याकडून वदवून घेतला, की इंग्रजीतील दोन शब्दांची आवश्यकता त्याला आपोआप पटते.

५. ध्वनी आणि लिपी

दुसरा वर्ग ध्वनिसाम्याचा. येथे देवनागरी लिपीने केलेली मदत आणि निर्माण केलेल्या अडचणी या दोहोंचा हिशोब मांडला पाहिजे.

जुन्या मराठी मुद्रणात ‘ब्यांक’, ‘म्यानेजर’, ‘कालेज’, ‘डाक्टर’ अशी रूपे आढळतात. इंग्रजीतील दोन स्वर मराठीस अपरिचित होते. एकासाठी ‘या’ आणि दुसऱ्यासाठी ‘आ’ अशी तात्पुरती सोय करण्यात आली. पुढे चंद्राकृती चिन्हाने ‘बँक’ आणि ‘कॉलेज’ ही रूपे स्थिर झाली व ‘ॲ’ आणि ‘ऑ’ या स्वरांना मराठीत हक्काची जागा मिळाली. परिणामी ‘बॅट’ आणि ‘बेट’, ‘कॉट’ आणि ‘कोट’ यांचा भेद आज शाळेत जाणाऱ्या मुलाला फारसा शिकवावा लागत नाही. तो त्याच्या मराठीतच आला आहे. ‘अडॉप्ट’ म्हणजे दत्तक घेणे अथवा स्वीकारणे आणि ‘अडॅप्ट’ म्हणजे जुळवून घेणे, हा भेदही लिपी आता नीट दाखवू शकते. संपर्काने निर्माण झालेला भ्रम संपर्कानेच नाहीसा झाला, असे याचे वर्णन करता येईल.

व्यंजनांच्या बाबतीत मराठीने आणखी एक स्वतंत्र उपाय योजला. इंग्रजीत ओठ व दात यांच्या घर्षणाने होणारा एक आणि दोन्ही ओठ गोलाकार करून होणारा दुसरा, असे दोन ध्वनी आहेत. मराठीत दोहोंना जवळचा एकच ‘व’ आहे. मराठी लेखकांनी पहिल्यासाठी ‘व्ह’ आणि दुसऱ्यासाठी ‘व’ अशी वाटणी केली. त्यामुळे ‘व्हेस्ट’ व ‘वेस्ट’, ‘व्हाइन’ व ‘वाइन’ वेगळे राहिले. तथापि ‘व्हाइट’, ‘व्हील’ यांसारख्या शब्दांत इंग्रजी वर्णलेखनातील हकार पाहून तेथेही ‘व्ह’ वापरला गेला, आणि देवमासा व बुरखा या दोन्ही अर्थांचे इंग्रजी शब्द मराठीत ‘व्हेल’ असेच लिहिले जाऊ लागले. एक भ्रम टाळण्यासाठी केलेल्या उपायातून दुसरा निर्माण झाला. त्याचप्रमाणे ‘झ’ने ‘झेलस’ आणि ‘जेलस’ यांत भेद ठेवला. एक उत्साही, दुसरा मत्सरी.

र्‍हस्वदीर्घाचा प्रश्न याहून वेगळा आहे. लिपीत ‘शिप’ व ‘शीप’, ‘फुल’ व ‘फूल’ असे भेद दाखविता येतात; पण मराठीच्या स्वाभाविक उच्चारात इकार व उकार यांचे र्‍हस्वदीर्घत्व बहुधा शब्दातील स्थानावरून ठरते, अर्थभेदावरून नव्हे. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ ही युग्मे शुद्धलेखनाच्या वहीत जिवंत असतात. बोलण्यात त्यांचा भेद पुष्कळदा राहत नाही. लिहिताना अचूक असलेला विद्यार्थी बोलताना गलबत आणि मेंढी यांची गल्लत करतो, याचे कारण येथे आहे. डॉ. अशोक केळकर यांनी १९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या वर्णव्यवस्थेवर व पदव्यवस्थेवर प्रबंध सादर केला. मराठीच्या ध्वनिव्यवस्थेचा असा तपशीलवार विचार इंग्रजीच्या शिक्षकाला किती उपयोगी आहे हे अशा ठिकाणी कळून येते.

ध्वनिभेदाकडे दुर्लक्ष झाल्यास काय अनर्थ होतो, हे सांगण्याची परंपरा आपल्याकडे जुनीच आहे. एका प्रसिद्ध संस्कृत सुभाषितात पिता पुत्राला व्याकरण शिकण्याचा उपदेश करतो, तो एवढ्याचसाठी की ‘स्वजन’ म्हणताना ‘श्वजन’, ‘सकल’ म्हणताना ‘शकल’ आणि ‘सकृत्’ म्हणताना ‘शकृत्’ होऊ नये. आप्ताचे कुत्रे, संपूर्णाचे तुकडे आणि ‘एकदा’चे शेण होऊ नये, एवढाच त्याचा आग्रह. भ्रमजनक शब्दयुग्मांची यादी ही इंग्रजीबरोबर आलेली नवलाई नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

६. केवळ लेखनात वेगळी असलेली युग्मे

तिसरा वर्ग खास इंग्रजीच्या इतिहासाचा आहे. ‘प्रिन्सिपल’ हा उच्चार मुख्याध्यापकाचाही आणि तत्त्वाचाही. ‘स्टेशनरी’ म्हणजे स्थिर आणि ‘स्टेशनरी’ म्हणजे लेखनसाहित्य. ‘फ्लावर’ म्हणजे फूल आणि ‘फ्लावर’ म्हणजे पीठ. देवनागरीत लिहिताच ही युग्मे एकरूप होतात, कारण त्यांचा भेद कानाला नव्हे तर केवळ डोळ्याला होणारा आहे. असे का झाले याचे उत्तर इतिहासात आहे. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्रजीत फ्रेंच शब्दांचा लोंढा आला; पुढे विद्वानांनी लॅटिनमधून पुन्हा शब्द घेतले; १४७६ मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना घातला व लेखन हळूहळू गोठू लागले; आणि त्याच सुमाराच्या शतकांत दीर्घ स्वरांचे उच्चार मोठ्या प्रमाणावर पालटले. लेखन मागे राहिले, उच्चार पुढे गेला.

यांतील कित्येक युग्मे मुळात एकच शब्द आहेत. फिरत्या विक्रेत्यांहून भिन्न, एका जागी दुकान मांडून बसणारा तो ‘स्टेशनर’. म्हणून त्याचा माल आणि स्थिरता यांचे मूळ एकच. पीठ हे धान्याचे ‘फूल’, म्हणजे त्याचा उत्तमांश, या कल्पनेतून पिठाचा शब्द निघाला. लेखनातील भेद मागाहून रूढ झाला. हा इतिहास सांगितला की विद्यार्थ्याला पाठांतराऐवजी एक कथा हाती लागते, व कथा अधिक काळ टिकते. येथे बाजारातील इंग्रजीही लक्षात घेतली पाहिजे: कोल्हापूरच्या मंडईत ‘फ्लॉवर’ म्हणजे फुलकोबी, ‘हॉटेल’ म्हणजे मिसळ खाण्याचे ठिकाण, आणि ‘लाईट गेली’ म्हणजे वीज गेली. हे शब्द मराठीत अगदी शुद्ध आहेत. ते तसेच इंग्रजीत परत नेले म्हणजे मात्र चूक ठरते.

एका मुळातून दोन शब्द निघण्याची क्रिया मराठीलाही परकी नाही. ‘क्षेत्र’ व ‘शेत’, ‘चक्र’ व ‘चाक’, ‘स्थान’ व ‘ठाणे’ ही तत्सम-तद्भव युग्मे त्याच जातीची. ‘गर्भिणी’ स्त्रीला म्हणतात व ‘गाभण’ जनावराला. यांची अदलाबदल कोणी मराठी माणूस करीत नाही. कसबा बावड्याच्या आसमंतातून याहूनही रोचक उदाहरण मिळते. छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखाना येथेच आहे आणि कोल्हापूरचा गूळ तर सर्वत्र प्रसिद्ध आहे. साखरेचा इंग्रजी शब्द ‘शुगर’ हा संस्कृत ‘शर्करा’ शब्दाचाच फारसी, अरबी व युरोपीय भाषांतून फिरून आलेला वंशज. आणि गुळाचा इंग्रजी शब्द ‘जॅगरी’ हाही त्याच ‘शर्करा’ शब्दाचा, दक्षिणी भाषांतून पोर्तुगीजांमार्फत गेलेला वंशज. एकाच मातेच्या दोन लेकी वेगवेगळ्या वाटांनी इंग्रजीच्या घरी पोहोचल्या.

७. प्रयोजकाचे सूत्र

मातृभाषा ही इंग्रजीच्या मार्गातील अडथळा आहे, ही समजूत शाळांतून खोल रुजलेली आहे. ती किती अपुरी आहे हे दाखविण्यास एक युग्मसमूह पुरेसा आहे. ‘लाय’ म्हणजे पडून असणे व ‘ले’ म्हणजे ठेवणे, ‘राइझ’ म्हणजे उठणे व ‘रेझ’ म्हणजे उठविणे, ‘सिट’ म्हणजे बसणे व ‘सेट’ म्हणजे बसविणे, ‘फॉल’ म्हणजे पडणे व ‘फेल’ म्हणजे पाडणे. यांतील पहिल्या युग्मात तर ‘लाय’चा भूतकाळ ‘ले’ असाच होत असल्याने इंग्रजी मातृभाषा असलेलेही येथे चुकतात.

मराठी विद्यार्थ्यापाशी मात्र या कुलुपाची किल्ली जन्मापासून आहे. पडणे–पाडणे, मरणे–मारणे, तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे, सुटणे–सोडणे ही युग्मे तो विचार न करता अचूक वापरतो. दोन्ही भाषांतील साम्य योगायोगाचे नाही. संस्कृतात ‘सीदति’ म्हणजे बसतो आणि ‘सादयति’ म्हणजे बसवितो; ‘पतति’ म्हणजे पडतो आणि ‘पातयति’ म्हणजे पाडतो. हीच प्रयोजक रचना प्राचीन जर्मानिक भाषांतही होती, आणि इंग्रजीतील ‘सिट’ व ‘सेट’ हे ‘सीदति’ व ‘सादयति’ यांचे सगोत्र आहेत. संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे मूळ एक असावे, असे विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये सुचविले; त्या सिद्धांताचा इतका सरळ उपयोग आठवीच्या वर्गात करता येतो, ही गोष्ट शिक्षकांच्या नजरेस आली पाहिजे. इंग्रजीत ही व्यवस्था मोडकळीस येऊन चार-पाच युग्मांपुरती उरली. मराठीत ती अद्याप नांदती आहे. ज्याच्या घरी वाडा उभा आहे, त्याला पडक्या वाड्याच्या भिंती ओळखणे अवघड जाऊ नये.

८. इंग्रजीने मराठीत घडविलेली युग्मे

संपर्काचा परिणाम एकाच दिशेने झाला नाही. इंग्रजीतील भेद मराठीत आणण्याच्या गरजेतून मराठीतही नवी युग्मे निर्माण झाली. राजाराम हायस्कूल व कॉलेजातील बाळाजी प्रभाकर मोडक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र या विषयांवर मराठी पुस्तके लिहिली. त्या परंपरेतून पुढे ‘वजन’ व ‘वस्तुमान’, ‘चाल’ व ‘वेग’ असे भेद शास्त्रीय मराठीत स्थिर झाले. त्याच कॉलेजात अध्यापन केलेल्या माधव जूलियनांनी १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धिविवेक’ प्रसिद्ध करून परकीय शब्दांच्या प्रश्नाची चर्चा केली. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर राजभाषेच्या गरजेतून ‘अधिनियम’, ‘नियम’ व ‘विनियम’ हे शब्द कायद्याच्या मराठीत एकमेकांपासून कसोशीने वेगळे ठेवण्यात आले. आज इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या मराठी मुलाला हे शब्द भ्रमजनक वाटतात. शंभर वर्षांत बाजू पालटली. नियम मात्र तोच राहिला.

९. समारोप

१९५७ मध्ये रॉबर्ट लाडो यांनी मातृभाषा व परभाषा यांच्या तुलनेवरून विद्यार्थ्याच्या अडचणींचे भाकीत करता येते असे प्रतिपादन केले. १९५८ मध्ये हैदराबाद येथे इंग्रजीच्या अध्यापनासाठी मध्यवर्ती संस्था स्थापन झाली व भारतातही हा विचार पसरला. १९६७ मध्ये कॉर्डर यांनी पुढचे पाऊल टाकले: चूक ही शिक्षा करण्याची गोष्ट नसून विद्यार्थी कोणत्या नियमाने चालला आहे याचा पुरावा आहे, अशी त्यांची भूमिका होती. करवीर परिसरातील इतिहास पाहता या दोन्ही विचारांना एक पुरवणी जोडावीशी वाटते. शिकणाऱ्याची मातृभाषा ही स्थिर वस्तू नव्हे. राजाराम महाराजांच्या काळातील मराठी, १९१७ नंतर शाळेत आलेल्या मुलांची मराठी, आणि २००० पासून पहिलीतच इंग्रजी शिकू लागलेल्या महाराष्ट्रातील मुलांची मराठी, या तीन भिन्न भूमी आहेत, आणि प्रत्येकीत उगवणारे भ्रमही भिन्न आहेत. जुन्या मार्गदर्शकांतील याद्या निरुपयोगी ठरतात त्या यामुळेच. त्या कोणाच्या चुका आहेत, हेच त्यांत नमूद नसते.

यास्तव अध्यापनाच्या दृष्टीने तीन गोष्टी सुचविता येतात. पहिली, शब्दयुग्मांची मांडणी वर्णानुक्रमाने न करता कारणानुसार करावी: अर्थक्षेत्र, ध्वनी आणि लेखन. कारण भिन्न असल्याने उपायही भिन्न आहेत. पहिल्यास मराठी वाक्यांची तुलना, दुसऱ्यास कानाचा सराव आणि तिसऱ्यास शब्दाचा इतिहास. दुसरी, प्रयोजकासारख्या ज्या ठिकाणी मराठी विद्यार्थ्याला स्वाभाविक अनुकूलता आहे, तेथून पाठाचा आरंभ करावा. तिसरी, स्थानिक बोलीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांना अशुद्ध न मानता त्यांचा मराठी अर्थ आणि इंग्रजी अर्थ शेजारी शेजारी मांडावा.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे कामास वाव आहे. एखाद्या गावातील शाळेच्या निबंधवह्यांतून चुका गोळा करून त्यांचे वरील तीन वर्गांत वर्गीकरण करणे, आणि काही वर्षांनी त्याच गावात तोच संग्रह पुन्हा करणे, एवढ्यानेही कोणते भ्रम मावळत आहेत व कोणते नव्याने उगवत आहेत हे दिसू लागेल. लाईन बाजारातील दुकानदार ‘लाईन’ हा शब्द कोणत्या अर्थांनी वापरतो आणि त्याचा मुलगा इंग्रजी निबंधात तो कोणत्या अर्थाने लिहितो, यांतील अंतर मोजणे हा प्रबंधाचा विषय होऊ शकेल. ज्या विद्यार्थ्याला आजवर चुकांबद्दल केवळ गुण गमवावे लागले, त्याच्या चुकांतून भाषेचे ज्ञान मिळविणे ही त्या श्रमांची अल्पशी भरपाई ठरेल.